जवसाच्या लाडवानं बोटं वळतात का

माय,

तुले अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तुलेच लिहून राहिली आहे. मले तरी कुठं धड येतं. भाऊ धुळपाटीवर गिरवायचा तेव्हा मागून पाहून जेवढं उचललं तेवढंच. बोरू धरला की अंगठ्यापासून मनगटापर्यंत आग होते, म्हणून सकाळपासून थांबत थांबत लिहिते. विचारायचं एकच आहे. तू थंडीभर मेथीचे अन् जवसाचे लाडू खायचीस, अन् होळी आली की गुडघे मोकळे झाले म्हणायचीस. ते खरंच मोकळे व्हायचे का?

मले हे आताच कळायले पाहिजे. माझी नात अकोल्याहून पहिल्या बाळंतपणाले घरी आली आहे. तिची आई तिले जन्म देताना गेली, पोर मीच वाढवली. पोराची दुसरी बायको घरात आहे, पण नातीची सासू तिच्या नावानंच बिचकते. बैलांच्या दमणीत बसून स्वतः पाहायले आली होती. म्हणाली, "विहीणबाई, सावत्र आईच्या हाती आमी आमचं लेकरू देणार नाही. सुईण मोकळी करून जाईल, पण पुढं न्हाऊमाखू तुमीच घालत असाल तर पाठवतो. हात चालतात ना?" मी हात पदराखाली घेतले. म्हटलं, "चालतात." तेव्हा लोटासुद्धा मले दोन्ही तळव्यांत दाबून उचलावा लागत होता. हे तिले पुढं कळलं तर पोरीले पुन्हा माहेर दिसायचं नाही.

म्हणून लाडू खाणं सुरू केलं. तुझ्या वेळी आपलं अर्धं वावर जवसाच्या फुलानं निळं व्हायचं. आता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली म्हणतात, म्हणून इथल्या कापसाले सोन्याचा भाव, अन् उंबरठ्यापर्यंत कपाशी. मी पोराले म्हटलं, कपाशीत एक तास, एकच ओळ, जवसाची पेर रे. तो म्हणाला, "माय, तुले पाहिजे तेवढं विकत आणतो, पेरायचं नाव काढू नको." आणलं ते जुनं, खवट. डिंक परतवाड्याचा आणला. धारणीकडचा एक माणूस शिलाजित म्हणून काळा गोळा देऊन गेला, तोही दुधात चाटला. मग अमरावतीच्या दलालाकडून मुंबईची बाटली आली. पोरगा म्हणे, "मासोळीचं तेल आहे. गोऱ्यांच्या म्हाताऱ्या पितात."

"मग त्या नाचतात का?"

"नाचतात म्हणे."

नाक दाबून प्याली. घरातली मांजर आठवडाभर माझ्या मागं मागं फिरत होती, दुसरं काही झालं नाही. लाडवानं पोटाले ऊब येते, सकाळी कोठा साफ होतो, त्याले मी नाव ठेवत नाही. पण बोटं तशीच, हळकुंडावानी, गाठीगाठीची.

मग मी तुले आठवत बसते. अंगणात ऊन आलं आहे. तू भिंतीले पाठ लावून पाय पसरून बसली आहेस अन् लाडू फोडून हळूहळू खातेस. आत मी जातं ओढते. आजीचा दंडक आहे, लाडू खाणारीनं गार पाण्यात हात घालायचा नाही अन् जात्याले शिवायचं नाही. मी आतून ओरडते, "माय, लाडू कसा लागते?" तू म्हणतेस, "कडू. तू दळ."

इतकी वर्षं मले त्यात तुझा खवटपणाच दिसला. आता वाटतं, सारी थंडी तू एक पायली दळलं नाहीस, विहिरीवर गेली नाहीस. मग गुडघे लाडवानं सुटले का बसण्यानं? का दोन्हीनं? तुलेही ते ठाऊक नसेल. पण तुझं पथ्य माझ्या मनगटांवर चाललं. माझं कोणाच्या मनगटांवर चालवू? बोलावलं तर एक बाई दळायले मिळत नाही, सगळ्या कापूस वेचायले गेल्या. सून दिवसभर ओसरीत रेची फिरवून कापसातली सरकी काढत बसते, म्हणून जातं माझ्या वाट्याले. पोराले म्हटलं, हात दुखतात रे. तो गाठोडी बांधता बांधता म्हणाला, "लाडू खाऊन राहिली ना माय, मग?"

काल दुपारी नात शेजारी गेली होती, सून ओसरीत, आत कोणी नव्हतं. भोपळ्याले कोमट तेल चोपडलं, पाटावर बसले, पाय लांब केले अन् त्याले नडग्यांवर घेतलं, लेकराले घेतात तसं. मानेखाली हात घातला, म्हणजे देठाखाली. पालथा करायले गेले तर बोटं मिटलीच नाहीत. भोपळा दगडावर जाऊन फुटला. मी तशीच बसून राहिले. बिया पाहत होते.

सून आत आली. "आत्याबाई, भोपळा कसा फुटला?"

"शिक्यातून पडला."

"तेल लावून शिक्यात ठेवला होता?"

तिनं फोडी गोळा केल्या, जागा पुसली. मग दुसरा भोपळा आणला, तेलाची वाटी घेतली अन् माझ्यासमोर पाय पसरून बसली. "सांगा," म्हणाली.

म्हटलं, "तुझ्या विहिणीनं हे पाहिलं तर?"

"तुमी जवळ बसून राहा. गाणं तुमीच म्हणा. न्हाणीच्या पडद्यामागं कोण पाहायले येते?"

मी सांगितलं. मान बोटांत धरू नको, मनगटावर टेक. पालथं करताना छातीखाली तळवा. पाणी आधी आपल्या कोपरावर. तिनं भोपळा पालथा केला, सरळ केला, टाळू भरल्यासारखी केली. मी चूक शोधत होते.

पोरीचे दिवस भरत आले आहेत. मी लाडू रोज खाऊन राहिली आहे, सोडायची हिंमत होत नाही. हा कागद तर तुले कोणाच्या हाती पाठवू? सुनेचे हात चांगले आहेत, माय. माझे होते त्याहून चांगले. हे तिले अजून बोलले नाही.