पाहणीच्या दिवशीचा स्वयंपाक

दि. ४ मार्च

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी मजेत आहोत. तुमच्या नातीचं वजन बरं वाढतंय आणि आवाज त्याहून बरा. गल्लीत आता कोणी गजर लावत नाही. बाबांनी तिला मिरी म्हणायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं की ती लहान आहे म्हणून. आता कळतं, झणझणीत आहे म्हणून.

काळजी एकच आहे आणि ती माझी. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि काट्याऐवजी माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, आईच अशी झिजत राहिली तर दूध आटेल. शाळेतली नोकरी शाबूत आहे, पण ही रजा बिनपगारी, आणि साठवलेलं सगळं खोलीच्या भाड्यात चाललंय. म्हणून मी एक गोष्ट केली आहे. ती बसून वाचा. अंगावर पाजणाऱ्या आयांना सरकारकडून दर महिन्याला शिधा मिळतो. पीठ, डाळ, अंडी, दूध पावडर. एकटीने मूल वाढवणारीला आधी. मी अर्ज केलाय.

बाबा, आठ्या नकोत. ही भीक नाही, हक्क आहे. कॉलेजात याच विषयावरच्या माझ्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं आणि तुम्हीच तो हाताखालच्या सगळ्यांना काम थांबवून वाचून दाखवला होता. अर्जात मिरीच्या वडिलांचा सध्याचा पत्ता विचारला होता. मी लिहिलं, कार्यालयास समजल्यास मलाही कळवावे. कारकुनांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

येत्या गुरुवारी एक बाई खोलीची पाहणी करायला येणार आहेत. घरात खायला काय आहे ते डबे उघडून बघतात म्हणे. तेव्हा बाबा, एवढ्या आठवड्यात कृपा करून डबा पाठवू नका.

दूध आटलं तरी चालेल म्हणणार नाही, पण तुमचा लोभ मात्र आटू देऊ नका.

तुमची
पदवीधर


दि. ७ मार्च

चि. पदवीधर हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बसून वाचलं. मग उभा राहून पुन्हा वाचलं. काही फरक पडला नाही.

मी जन्मभर आचारी. हजार हजार माणसांचं रांधलं, पण वाढताना कधी हात आखडला नाही. आमच्या धंद्यात शिवी एकच, ती म्हणजे 'कमी पडलं'. ती मला आजवर कोणी दिलेली नाही. आणि आता माझीच लेक सरकारदरबारी सांगणार की हिला खायला कमी पडतं! आपल्या शेजारचा तो खवचट मिठाईवाला ऐकेल तर पोट धरून हसेल. त्याचं पोट तर धरायलाही सोपं.

हक्काचं तू म्हणतेस तसं असेल. पण हक्क आहे तर रांग कशाला, आणि भीक नाही तर डबे उघडून बघायचे कशाला? याचं उत्तर निबंधात असेलही. मी वाचत होतो तेव्हा तिकडे डाळ उतू चालली होती, त्यामुळे शेवट राहिला.

डबा पाठवणार नाही. शब्द दिला.

मिरीच्या डोक्यावरून हात फिरव, माझा समजून. राग आहे, पण माया त्याच्या खाली आहे. ढवळलंस तर लागेल.

तुझा
बाप


दि. १५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. बाबांनी विचारलं तर सांग की मिरीच्या दातांबद्दल आहे.

बाबांनी शब्द पाळला. डबा पाठवला नाही, स्वतः आले. गुरुवारी सकाळी दार उघडलं तर समोर बाबा, तीन पातेली, भाज्यांची पिशवी आणि तो भाल्याएवढा झारा. म्हणाले, घरी माणूस येणार आणि आपल्या चुलीवर काही नाही, असं कधी झालंय का? मी सांगितलं की त्या जेवायला येत नाहीत, मी काय जेवते ते बघायला येतायत. ते म्हणाले, मग बघू देत की!

तासाभरात जिन्यात शेजारी जमले. मी एक पातेलं खाटेखाली ढकललं, पण वासाला कुठे ढकलणार? तेवढ्यात बाई आल्या. बिचाऱ्या दिवसभर जिने चढून दमलेल्या, हातात फाईल. म्हणाल्या, कामावर असताना खाता येत नाही. बाबा म्हणाले, चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. बाईंनी एकदा चव बघितली, दुसऱ्यांदा बघितली आणि मग फाईल बाजूला ठेवून ताट घेतलं. बाबा वाढता वाढता सांगत होते की माझ्या लेकीला कशाची ददात नाही. मी मागून खाणाखुणा करत होते. त्या खोलीत एकटी मिरी खरं बोलत होती. तिने भुकेने टाहो फोडला होता.

काल कागद आला. अर्जदाराच्या खोलीत आठ जणांना पुरेल इतकं ताजं व पौष्टिक अन्न आढळलं, सबब अर्ज नामंजूर. खाली पेन्सिलीने बारीक लिहिलंय, रस्सा उत्कृष्ट.

आई, मला हसू येतं आणि मधेच थांबतं. ते आठ जणांचं अन्न केव्हाच संपलं. नर्सबाई पुन्हा काट्यावर उभं करणार. फेरविचार होऊ शकतो, पण ज्याने ते अन्न आणलं त्याने स्वतः येऊन सांगायला हवं की हे दर महिन्याला पुरवणं त्याला जमत नाही. हे बाबांना कोण सांगणार? मी तर नाही. नाहीच झालं तर रजा मोडून शाळेत रुजू होईन आणि मिरीला बाटलीवर टाकीन. 

तुझ्या पदराएवढी जागा मला अजून आहे ना, ते कळव.

तुझी
पदवीधर


दि. १९ मार्च

चि. बाळीस,
आशीर्वाद.

दातांबद्दलचं पत्र मिळालं. मिरीला अजून दात नाहीत हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनीच आधी उघडलं.

वाचलं आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच.

एक सांगते, चिडू नकोस. तुझ्याकडे त्यांनी जे रांधलं तो आमचा महिन्याचा बाजार होता. सध्या कामं नाहीत, आणि गुडघ्यांमुळे मोठं काम ते घेतही नाहीत. आम्ही उपाशी नाही. पण डाळीत डाळ शोधावी लागते. काल वाढताना मी म्हटलं की आता त्या पाहणीवाल्या बाईंना इकडे बोलवू या. एरवी हसले असते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की माझा चांगला शर्ट कुठे आहे.

शर्ट इस्त्री करून ठेवलाय. सोमवारच्या गाडीने येतील. तू काही विचारू नकोस. झारा मी लपवलाय.

पदराला काय झालंय? आहे तिथेच आहे.

तुझी
आई


दि. २५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं. कसं झालं ते सांगते, कारण ते स्वतः सांगणार नाहीत.

म्हाताऱ्यांसाठी वेगळी खिडकी होती, पण ते बायकांच्या रांगेत मिरीला खांद्यावर घेऊन उभे राहिले. आमचा नंबर आला. कारकुनांनी पाहणीच्या दिवशी काय काय केलं होतं ते विचारलं. बाबांनी कृतीसकट सांगितलं. मागच्या दोघी-तिघींनी लक्षात ठेवलं असणार. मग कारकून म्हणाले, एवढं सगळं असताना अडचण काय आहे?

बाबा खाली बघून काहीतरी पुटपुटले. कारकुनांना ऐकू कमी येतं, त्यांनी मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. आई, बाबांनी मान वर केली आणि लग्नात वाढप्यांना हाक मारतात त्या आवाजात म्हणाले की हजारांना पुरवलं, पण या एकीला माझ्याच्याने पुरत नाही, कमी पडतं. सगळं कार्यालय थांबलं. मिरीसुद्धा.

पाहणीच्या बाई आतून बाहेर आल्या. काही न विचारता कागद त्यांनीच ओढून घेतला आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. हक्कावर मी एवढा मोठा निबंध लिहिला, पण हक्क मागायला काय लागतं ते त्यात नव्हतं. बाबा म्हणाले, रडू नको, दुधाला बरं नसतं. मग म्हणाले की त्या कार्यालयातला चहा उकळलेलाच नव्हता.

आज शिधा आणला. तुझ्या त्या इस्त्रीची आठवण ठेवीन.

तुझी
पदवीधर


दि. १२ एप्रिल

चि. पदवीधर हिस,
अनेक आशीर्वाद.

काटा पुढे सरकला हे वाचून तुझ्या आईने शेजारच्या चार घरांत सांगितलं. मला कोणाला सांगायला उरलं नाही.

पिठाचा नमुना पाकिटातून पाठवलास, चाखला. जुनं आहे. आधी मंद आचेवर कोरडंच भाज, मग दुधात कालव, गुठळ्या होणार नाहीत. रांगेतल्या बाकीच्यांनाही सांग. आणि पीठ जुनं असल्याचं कार्यालयाला लेखी कळव. हक्काचं आहे, चांगलंच मिळालं पाहिजे. निबंधाएवढं लांब लिहू नको.

मिठाईवाल्याला मीच सांगितलं. पोट धरलं नाही त्याने. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं की त्याच्या लेकीचा अर्ज आमची पदवीधर लिहून देईल का. मी हो म्हणून बसलोय. पाहणीच्या दिवशी तिकडे फिरकू नको, एवढं मात्र त्याला बजावलं.

आणि त्या दिवशी मी जे मोठ्याने बोललो ते बोललो. पण जेवायला बसलेलं कोणी उपाशी उठलं नाही. तेव्हा ते कमी पडण्यात धरायचं नाही.

मिरीचा आवाज इथवर ऐकू येवो.

तुझा
बाप