तुझ्या नावाचा कोड माझ्या खिशात

घाटंजी
शुक्रवार, दुपारी एक

प्रिय दिपाली,

काल, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी माझ्या शर्टाच्या खिशात फोन वाजला आणि तिथून पुढे मी पूर्वीचा राहिलो नाही. वेळ इतकी नक्की सांगतोय कारण तो मेसेज अजून फोनमध्ये आहे आणि कालपासून मी तो पन्नासदा तरी उघडून पाहिला असेल. सहा आकडे, आणि खाली, हा तुमचा पडताळणी कोड आहे, कोणालाही सांगू नका. त्या सहा आकड्यांवर तुझी नर्सिंगची जागा टांगलेली होती. ते मला संध्याकाळी कळलं.

मी इथे बाजारपेठेत पूनमसिंग भाऊंच्या ऑनलाइन सेंटरमध्ये बसतो, हे कोणाकडून तरी तुझ्या कानावर आलंच असेल. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्ती, पीकविमा, आधारची दुरुस्ती. या कामाची एक रीत आहे. बाईच्या नावाने फॉर्म भरायचा तर मोबाईल नवऱ्याचा, नवरा रानात, रानात रेंज नाही. कोड जातो तिकडे आणि बाई बसते इकडे बाकावर. म्हणून आम्ही सरळ सेंटरचाच नंबर टाकून देतो. अर्ध्या तालुक्याचे कोड सेंटरच्या फोनवर येतात. पण माझा हा जुना नंबर मी जगात एकाच खात्याला दिला होता. तुझ्या. म्हणून मेसेजवर नाव नसलं तरी मला विचार करावा लागला नाही.

आठवतं का ते, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं? शिष्यवृत्तीच्या फॉर्मला ईमेल लागत होता आणि तुमच्या घरचा एकच फोन तुझ्या भावाजवळ, अक्षयजवळ, तो शेतात. मी म्हणालो, घरचा नंबर टाकला तर कोड वाजेल कपाशीत आणि तू बसशील यवतमाळात, कोण धावत जाणार? माझा टाकू. तू मान हलवलीस. पासवर्डही मीच टाकला आणि तुला चिठ्ठीवर लिहून दिला. मला तर त्या दिवशी तू माझ्याशी लग्नाची बोलणीच केल्यासारखं वाटलं होतं. खरं बोलणं आपण कधी केलंच नाही. तुमच्या घरात आणि आमच्या घरात काय झालं असतं ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही फॉर्म आणि पुस्तकांबद्दल बोलत राहिलो.

मग दीड वर्ष काही नाही. तू स्वतःचा फोन घेतलास, त्यात खातं उघडंच राहिलं, कोड मागायची कधी वेळच आली नाही. आणि काल अचानक अकरा बेचाळीसला एक, पंचेचाळीसला दुसरा, पन्नासला तिसरा. खरं सांगतो, हसू नकोस, मला वाटलं तू हाक मारते आहेस. बोलता येत नाही म्हणून आकडे पाठवते आहेस. मी इतका वेडा झालो की समोर पंचफुला मावशी बसली होती तिला मी तिच्याच मुलीच्या नावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं. तिचं त्याच वेळी चालू होतं, माझ्याच दुसऱ्या खिशातला सेंटरचा फोन वाजला की म्हणे, माह्या नावाचा कोड तुह्या खिशात काहून वाजते रे बाप्पा? मी खेकसलो तिच्यावर. सरकारले विचार म्हटलं. ती म्हणाली, सरकारले काय विचारू, खिसा तर तुहा हाय. बाकावरचे सगळे हसले. मला नाही हसू आलं.

बारा वाजता फोन आला. पुरुषाचा आवाज. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाला, ‘दिपालीच्या खात्याचा कोड आला असन तुमच्या फोनवर. सांगा बरं लवकर.’

दिपाली. नुसतं दिपाली. माझ्या डोक्यात काय पेटलं ते सांगता येत नाही. मी विचारलं, तू कोण तिचा? तो म्हणाला, कोण कायले पाह्यजे भाऊ, कोड सांगा ना, घाई हाय. घाई. मला क्षणात सगळं चित्र दिसलं. तुझं जमलेलं आहे, हा तो आहे, त्याने तुझा फोन काढून घेतलाय आणि आता तुझे ईमेल तपासायला बसलाय. एवढं सगळं मी एका ‘घाई’वरून रचलं. आमच्या भिंतीवर मीच मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, कोड कोणालाही सांगू नये. तेच वाक्य मी त्याच्या तोंडावर मारलं, ‘कोड कोणालेच सांगत नसतात,’ आणि फोन कापला. वर तो नंबरही ब्लॉक करून टाकला. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तुला वाचवल्यासारखं.

माझं हे नेहमीचंच आहे. प्रयोगशाळेत त्या पोराने तुझं नाव घेऊन काहीतरी म्हटलं तेव्हाही मी आधी मारलं, मग ऐकलं. काचा फुटल्या. सरांनी एक ओळ माफीची लिहून द्यायला सांगितली. तू जिन्यात थांबून म्हणालीस, लिही ना संघदीप, एकच तर ओळ आहे. मी नाही लिहिली. ओळखपत्र टेबलावर टाकून निघून आलो. तू जिन्यातच उभी होतीस आणि मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटत होतं मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. तू मला काहून सोडलं असं लोकांना विचारत फिरलो. सोडून तर मी आलो होतो.

आता जे लिहिणार आहे ते वाचून तू हे पत्र फाडशील. फाड, पण शेवटचा कागद ठेव.

त्या माणसाला मी कोड दिला नाही. पण मावशी गेल्यावर मी सेंटरच्या कॉम्प्युटरवर तुझं खातं उघडायला बसलो. पासवर्ड तोच, मी चिठ्ठीवर दिलेला. तू बदललाच नव्हतास. त्यातही मला प्रेमच दिसलं. मग नवा कोड मागवला, तो माझ्याच खिशात वाजला, मी टाकला आणि आत गेलो. तो माणूस करेल म्हणून ज्याचा मला संताप आला होता, ते मी स्वतः केलं. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी पाहिलंही नाही. बाहेर बाजार भरला होता, मिरचीवाल्यांचा आरडाओरडा चालू होता आणि मी पंखा बंद करून तुझे ईमेल वाचत होतो.

आधी माझं नाव शोधलं. एकदाही नाही. मग त्याचं शोधायला लागलो, जो कोणी असेल त्याचं. दोन वर्षांचं सगळं पाहिलं. परीक्षेच्या पावत्या, प्रवेशपरीक्षेचं हॉलतिकीट, अक्षयच्या विम्याचा फॉर्म, ग्रंथालयाची आठवण, पुन्हा पावत्या. कोणीच नव्हता, दिपाली. मी नव्हतो, तोही नव्हता. एकटी अभ्यास करणारी मुलगी होती फक्त. मध्ये गिऱ्हाईकं येत होती, त्यांना उद्या या म्हणत होतो. आणि सगळ्यात वर, पहिलंच, ठळक काळ्या अक्षरात, न वाचलेलं एक ईमेल होतं. ते मला आत शिरल्या क्षणी दिसलं होतं. इंग्रजीत काहीतरी प्रवेशाबद्दल होतं, मला त्यात काय रस? मी ते ओलांडून मागे मागे जात राहिलो.

ते मी उघडलं पाच वाजून दहा मिनिटांनी. यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आहे, आज पाचच्या आत या लिंकवर होकार द्यावा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. मी लिंक दाबली. मुदत संपली आहे. पुन्हा दाबली. किती वेळा दाबली ते माहीत नाही. पूनमसिंग भाऊ आले आणि विचारायला लागले, काय झालं रे, कोणी वारलं काय?

मग मी तो ब्लॉक केलेला नंबर मोकळा करून स्वतः फोन लावला. भीमराज दादा म्हणून आहेत, यवतमाळच्या दवाखान्याच्या फाटकासमोर त्यांचं झेरॉक्स आणि नेटचं दुकान. माझाच धंदा. तुला हे सगळं माहीत आहे, तुझ्यावरच गुजरलंय, तरी लिहितो, कारण मला ते कसं कळलं ते तुला कळायला हवं. त्यांनी सांगितलं की अक्षय बुधवारी फवारणी करताना पडला. यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली आहे, औषध अंगावर, तोंडावर उडतं, दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला गावागावातून दवाखान्यात आणतात. तो रानात एकटा असतो, गरगरलं तर फोन करता यावा म्हणून तूच तुझा फोन त्याच्या खिशात घातला होतास. पंप गळत होता, शर्ट भिजला, फोनही भिजला आणि बंद पडला. अक्षयला डोळ्यांनी नीट दिसत नाही अजून. तू त्याच्या खाटेपासून उठून जागेचा निकाल पाहायला खाली त्यांच्या दुकानात आलीस, कोड मागवलास, तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं आणि तू माझा नंबर त्यांच्याजवळ सांगून वर धावलीस. त्यांनी फोन केला. मी काय बोललो ते वर लिहिलंच आहे. मग तू परत आलीस आणि त्यांच्या फोनवरून स्वतः चारदा लावलास. लागला नाही. कसा लागेल?

मला वाटलं ते शिव्या देतील. पण म्हणाले, ‘तुमचं बराबर हाय भाऊ, कोड सांगूच नाही. मी बी नसता सांगतला.’ मग म्हणाले, ‘पाच वाजेपरेंत बसून होती ते पोरगी. मी म्हटलं, बाई, तो माणूस नाही देत. तर म्हणे, वळखीचा हाय. देईन तो.’

दिपाली, मला कॉलेजातून काढायला निघाले तेव्हा असं झालं नव्हतं. मी खाली बसलो, बाजाराच्या कचऱ्यात, सेंटरच्या पायरीवर. देईल तो. आणि त्या वेळी तो तुझं हॉलतिकीट वाचत होता.

आता हे पत्र का ते सांगतो. माफीसाठी नाही, ती मागायला मला आधी माणसात यावं लागेल. आज सकाळी पाहिलं, उरलेल्या जागांची शेवटची फेरी आहे. उद्या सकाळी दहाला उघडेल आणि सोमवारी दुपारी दोनला बंद होईल, अर्ज याच ईमेलवरून. तुझा फोन तोवर सुरू होईल की नाही सांगता येत नाही आणि माझ्या फोनवर तुला पुन्हा कधी विसंबावं लागू नये. शेवटच्या कागदावर दहा कोड आहेत, प्रत्येकी आठ आकडे. फोन जवळ नसला तरी हे चालतात. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोड. ते काढायला मला तुझ्या खात्यात आणखी एकदा जावं लागलं. ते शेवटचं. आत गेलीस की आधी पासवर्ड बदल, मग माझा नंबर काढ. तो मीही काढू शकलो असतो, पण तुझं तेवढं तरी तू ठरवावंस. कागदाचा फोटो काढलेला नाही, नक्कल ठेवलेली नाही. पाकीट भीमराज दादांच्या हाती देईन, त्यांना कोणालाच काही सांगायची सवय नाही. मी वर वॉर्डात येणार नाही. तू बोलावलंस तर फाटकाबाहेर सोमवारी दोनपर्यंत बसलेला असेन, अक्षयसाठी औषध आणायला, धावपळीला, कशालाही. नाही बोलावलंस तरी बसेन. यवतमाळची दोनची एसटी लागायला दहा मिनिटं आहेत. बाकावर चार बाया बसल्या आहेत, त्यांना मी सांगितलंय की आपापल्या घरातला नंबर घेऊन या, यापुढे माझा टाकणार नाही. त्या कुरकुरत उठताहेत. पाकीट चिकटवतो, त्यांच्या मागून बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

ज्याला तू ओळखीचा म्हणालीस, तो
संघदीप