वरच्या उताराचा रांजण

५ ऑगस्ट
दादा खोटं बोलतोय! म्हणाला, "वरच्या उतारावर होतो." आणि बुटांना तांबडी चिकणमाती! वर नुसता काळा दगड — तिथली धूळसुद्धा काळी. तांबडी माती आमच्या खालच्या द्राक्षमळ्यात, रस्त्याला लागून. त्याच रस्त्यावर काल तो किन्तेला गाडी लावून बसला होता. बेजा शहरातल्या ऑलिव्हवाल्या कंपनीचा माणूस. त्याला आमचा वरचा उतार हवाय.

१२ ऑगस्ट
त्रेचाळीस अंश. खालची माती हिवाळ्यातलं पाणी अजून धरून आहे, तिथली वाइन मऊ होते. वर दगड संध्याकाळनंतरही तापलेला, मुळं फटींतून खोल गेलेली. द्राक्षं बारीक, सालं जाड. म्हणून तर त्या वाइनला तो तापल्या दगडाचा वास! कुठल्या मातीची, हे दादा डोळे मिटून सांगतो. आख्खं गाव त्याच्या नाकावर विसंबतं. आणि तोच आज म्हणतो, "वरच्या उतारात आता दम नाही गं."
मला पटवतोय. विकायच्या आधी!

३० ऑगस्ट
त्याच्या उशीखाली दोन पुरचुंड्या सापडल्या. एकीत काळ्या दगडाचा चुरा, दुसरीत तांबडी माती. नमुने! किन्तेलासाठीच, आणखी कोणासाठी?

१९ सप्टेंबर
सूप करपलं. घरभर वास. दादा मुकाट्याने जेवला. एरवी ताट सरकवलं असतं. मन खातंय त्याला.

२३ ऑक्टोबर
वाइनचा तिसरा रांजण बिघडला. पार व्हिनेगर! दादा रोज त्याच्यापुढून जातो, चकार शब्द नाही. चाखायला बोलावलं तर म्हणे, "तू आधी सांग."
मला काय वेडी समजतो?

१० नोव्हेंबर
उद्या सेंट मार्टिनचा सण. नव्या वाइनचे रांजण उघडायचे. दादाने किन्तेलालाही बोलावलंय! मी भांडले. तर म्हणाला, "देओलिंदा, माझ्यानंतर ती वाइन ओळखणार कोण?" धडधाकट माणूस आणि मेल्यासारखं बोलतो!
ठरलं. उद्या पहिला पेला तिसऱ्या रांजणातला देणार. थुंकू दे सगळ्यांदेखत, मग तिथेच जाब विचारते.

११ नोव्हेंबर
दिला. दादाने डोळे मिटले, वास घेतला, मोठा घोट गिळला.
"वरचा उतार," तो म्हणाला. "छान जमलीय."
व्हिनेगरचा वास मला हातभरावरूनही येत होता; त्याला ना वास, ना चव — करपलेल्या सुपाचीही कळली नव्हती. माझ्याकडेच बघत होता.
किन्तेला म्हणाला, "बघू, मलाही द्या." मी दादाच्या हातून पेला काढून घेतला, उरलेलं सगळं पिऊन टाकलं. घसा जळला.
म्हटलं, "हो दादा. वरचाच."