डॉक्टर बाळाकडे बघतच नाहीत

बडोदे

ती. निरुपमाताईस,

रमाकांतचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला का? (गेला असेल तर कोणाच्या औषधाने, ते कळव. सध्या मी डॉक्टर या जमातीवर लक्ष ठेवून आहे.)

मुग्धाला मुलगा झाला हे फोनवर कळलंच आहे. नातू गुटगुटीत आहे, नाक आपल्याकडचं आहे. तरी घरात काहीतरी लपवालपवी चालली आहे, आणि माझा संशय आहे तो आपल्या भास्करराव डॉक्टरांवर. पोर दिवस भरत आले म्हणून माहेरी आली, तेव्हापासून ते घरी येऊन तिचं ब्लडप्रेशर बघत, पायांची सूज दाबून बघत. मी म्हटलं, इस्पितळात एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, मग तुमचं काय काम? तर म्हणाले, "त्या बाळंतपण करतील. घरी आल्यावर मीच आहे ना." मला ती तेव्हाच धमकी वाटली होती.

आता हे गृहस्थ प्रतापनगरहून स्कूटरवर वरचेवर येतात. पहिल्या आठवड्यात बाळाला खिडकीच्या उजेडात उघडं करून कावीळ बघितली, बेंबी बघितली, लंगोट किती भिजतात ते आमच्या सौभाग्यवतींना, नीराला, विचारलं, हे ठीक. हल्ली मात्र बाळावर एक नजर टाकतात, "मस्त छे" म्हणतात, आणि खुर्ची ओढून मुग्धाशेजारी बसतात. झोप लागते का? जेवण जातं का? मग आम्हाला बाहेर काढतात. माझ्याच घरात! नीरा मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मला तिचाही संशय आला. म्हटलं, बाळात काहीतरी खोट आहे आणि हे सगळे मिळून माझ्यापासून लपवताहेत.

म्हणून परवा मी बाळाचं घोडियुं (इकडचा तो झोळीचा पाळणा) दाराबाहेर आणून ठेवलं आणि दोरी ओढत कान लावून बसलो. शब्द एकही कळला नाही. मुग्धाचं रडणं तेवढं ऐकू आलं. तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरांनी मला पाहिलं, झोळीत डोकावले आणि म्हणाले, "रमाकांतराव, छोकरो तर आत झोपलाय."

मी सरळच विचारलं, माझ्या नातवाला काय झालंय? म्हणाले, काही नाही, तुम्ही लेकीची चौकशी करा. केली. म्हटलं, "मुग्धा, बाळ फार त्रास देतं का गं?" ती पुन्हा रडायला लागली. (ही चौकशीही बाळाचीच झाली, असं नीराचं म्हणणं.)

नीराचा नमस्कार. बारशाला तू येणार आहेसच.

तुझा,
रमाकांत

ता. क. : डॉक्टर म्हणतात, बाळंतपणानंतर असं रडू पुष्कळ जणींना येतं आणि ओसरतं, हिचं लांबलंय. सोमवारी ते स्वतः तिला यातल्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. तोवर जिच्यासमोर हसरं तोंड करावं लागणार नाही असं कोणी जवळ हवं. मी माझं नाव सुचवलं. मुग्धा म्हणाली, "आत्या." (हेही डॉक्टरांनीच पढवलं असणार.)

ता. क. २ : ती बाळाला पाजते आणि भिंतीकडे बघत बसते. मला भीती वाटते. फोनवर हे बोलायला लागलो की आवाज फुटत नाही, म्हणून लिहिलं. पोस्टावर माझा भरवसा नाही, तेव्हा पत्र घेऊन मीच तुमच्या सावली गावी आलो आहे. तू हे वाचते आहेस आणि मी तुमच्या ओट्यावर बसलो आहे. ताई, बॅग भर.