पाय हलला तरच वाजेल

ती. ताईस साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, जमिनीवर तारा पसरल्यात, आडवं पडायला जागा नाही).

तुझी कंबर कशी आहे? भाऊजी सुखरूप पोचले. चार दिवसांसाठी त्यांना पाठवलंस, उपकार झाले. कशासाठी बोलावलं ते आता सांगतो. आधी सांगितलं असतं तर तू पाठवलंच नसतंस.

तर नोकरी सोडून सात महिने मी ज्याच्यासाठी खटाटोप करतोय ते यंत्र एकदाचं तयार झालं. घोट्याला बांधायचा पट्टा. पाय हलला की तबला वाजतो, जोरात हलला तर ढोल. बसल्या बसल्या पाय हलवणारी माणसं काय कमी आहेत? (हे लिहितानाही माझा हलतोय.) पण झालं काय, पट्टा बांधून पहिला ठेका ऐकला की माणूस ओशाळतो आणि पाय थिजतो. माझा थिजला. शेजारच्या शिंप्याचा पाय चाळीस वर्षं मशीनवर हलतोय, तोही थिजला! गेल्या आठवड्यात वाद्यांच्या दुकानाचे मालक बघायला आले. अर्धा तास मी त्यांच्यासमोर बसलो, पट्टा ढिम्म. म्हणाले, गुरुवारी दहाला येतो, पाच मिनिटं सलग वाजला तर पन्नास नग बनवू, नाहीतर हा नाद सोडा. म्हणजे पुन्हा जुन्या साहेबापुढे नाक घासणं आलं. खरं सांगू ताई, मला धडकी भरलीय. एका जागी बसवत नाही, घास उतरत नाही, स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवला ते आठवत नाही (कानामागे होता).

तेव्हा भाऊजी आठवले. वीस वर्षं तू "अहो, पाय!" म्हणून ओरडतेस आणि वीस वर्षं तो पाय कुणाला जुमानत नाही. असा निगरगट्ट पाय मिळायला नशीब लागतं! पण इथे आल्यापासून ते फोटो काढायला बसल्यासारखे बसलेत. तीनदा कडक चहा पाजला, वीजबिल दाखवलं, काही नाही. विचारलं तर म्हणतात, काय माहीत, इथे कसं निवांत वाटतं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. राग मानू नकोस, पण बुधवारपर्यंत ये. करायचं काही नाही. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून नेहमीसारखं बघायचं.

ता. क. २. येऊ नकोस. आत्ताच भाऊजींना सहज म्हणालो, ताईला बोलावतोय. पट्टा पायातच होता. अकरा मिनिटं तबला थांबला नाही, शेवटी ढोलही वाजला. गुरुवारी बरोबर दहाला त्यांना फोन कर आणि "निघाले" एवढंच सांग.