पुडीवरचं अक्षर

तीर्थरूप अब्बा,
हुमाचा सलाम.

डोंगरात फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. मी बरी आहे, भाकरी वेळेवर मिळते. अम्मीचा गुडघा कसा आहे? तिला दुकानात उभं राहू देऊ नका.

आम्ही इथे गिधाडं मोजतो. मागच्या आठवड्यापर्यंत नऊ होती. सोमवारी त्यातली सात एका मेलेल्या शेळीभोवती मरून पडलेली सापडली. शेळी बिबट्याने मारली होती. तिच्या मालकाने काही लपवलं नाही. "बिबट्यानासाठे औषध टाकेल व्हतं, ताई," म्हणाला. बिबट्या परत फिरकलाच नाही.

आपणही दुकानात विषाला औषधच म्हणतो.

शेळीजवळ रिकामी पुडी होती. कुठल्या दुकानाची असेल, असं आमच्या मोजणीच्या सरांनी विचारलं. मी माहीत नाही म्हटलं आणि पुडी बॅगेत टाकली. हे पत्र पोचेपर्यंत ती मी सरांना दिलेली असेल. वनखात्याची माणसं पिंपळनेरला आपल्याकडे येतील. त्यांच्याशी वाद घालू नका, आणि औषध सुटं विकणं आजच थांबवा.

पुडीवर 'औषध' लिहिलंय, अब्बा. ईदच्या सुट्टीत तुमचा चष्मा फुटला होता, तेव्हा सगळ्या पुड्यांवर मीच लिहिलं होतं.

तुमची,
हुमा