खिचडीच्या पातेल्यातलं बी

गुरुजी, परवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तुमच्या फोटोला पुन्हा हार घातला. प्लास्टिकचाच, गेल्या वर्षीचा, धुऊन घेतलेला. फोटोखाली आता 'वृक्षमहर्षी' असं रंगवलंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेवढ्यात मुख्याध्यापकाचे महर्षी झालात. शिक्षण खात्यात इतकी बढती जिवंत माणसाला मिळत नाही. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते आणि मला तुमचा राग आला. राग हा शब्दही सौम्य आहे, खरं तर किळस आली.

मी आता काय करते ते तुम्हाला माहीत नाही. नांदेडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. आता एका लहान संस्थेसाठी गावोगाव कुठं काय उगवतं ते मोजते. यंदा आपलंच गाव वाट्याला आलं, कारण कागदाच्या लगद्यासाठी एका कंपनीनं माळाच्या खालची सगळी रानं भाड्यानं घेऊन सुबाभूळ लावलीय आणि आता तिला माळही हवा आहे. रस्त्याला मोठा फलक आहे, 'हरित वन'. एकाच जातीची, एकाच वयाची, एकाच अंतरावर उभी केलेली झाडं म्हणजे वन असेल, तर कवायतीचं मैदान म्हणजे गावच म्हणायला हवं. आत पाखराचा आवाज नाही. मी लोखंडी सळईची मीटरभर चौकट जमिनीवर टाकते आणि तिच्या आतली रोपं लिहून घेते. सुबाभळीचीच पिल्लं, गाजरगवत, तरोटा, कडेला घाणेरी. दहा पावलं पुढं जाऊन टाकली तरी पुन्हा तेच. लिहायलाही लाज वाटते, कुणाला वाटेल बाई घरी बसून नोंदी करते.

आणि वरचा माळ, ज्याला गाव 'गुरुजींचं रान' म्हणतं, त्याची गत याहून वेगळी नाही. तिथं कुणी ओळी आखल्या नाहीत एवढंच. सुबाभूळ एवढी दाटलीय की शेळी आत शिरली तर तिला उलटी वळता येत नाही. फक्त पूर्वेच्या उतारावर एक पट्टा उरलाय. तिथं चौकट टाकली की अर्धा तास गुडघ्यावरून उठता येत नाही मला. पवना, मारवेल, कुसळ ही गवतं, आणि मध्येमध्ये अशी बारकी निळी, पिवळी फुलं, की नाव शोधायला पुस्तक उघडावं लागतं. एकदा चौकटीच्या कोपऱ्यात चंडोलाचं घरटं आलं. चौकट तशीच ठेवून मी मागं सरले. माळ कंपनीला गेला तर यंत्र पहिल्यांदा याच पट्ट्यावरून फिरेल, कारण तिथं तोडायला झाडं नाहीत. त्यांच्या नकाशात त्याला 'रिकामी जागा' लिहिलंय.

परवाची सभा त्यासाठीच होती. मी तक्ते घेऊन गेले होते. माळावरची सुबाभूळ उपटायची, माळ गवताला सोडायचा, कंपनीला द्यायचा नाही, असं मी सांगितलं. माजी सरपंच उठले.

"गुरुजींनी लावलेली झाडं उपटायची? पोरी, तुला बाराखडी कुणी शिकवली?"

"गुरुजींनीच."

"मग?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लई शिकलं की असंच होतंय. आज झाडं काढायलीय, उद्या म्हणंल फोटो काढा." सगळे हसले. कंपनीचा व्यवस्थापक इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं तुमच्या फोटोकडं बघून हात जोडले. "आम्ही गुरुजींचंच काम पुढं नेतोय," म्हणाला. त्याला तुमचं आडनावही माहीत नाही. मग एक म्हातारबा उठले, ज्यांच्याकडं अजून देवणी गाय आहे. "सुबाभळीचा पाला खाऊन माझ्या गाईच्या शेपटीचा गोंडा झडला, त्याचं काय करायचं?"

"दुसरी घ्या की काका!"

"देवणी हाय ती. मोबाईल न्हाई बदलायला."

पुन्हा हशा. ठराव सोमवारवर ढकलला. मी तक्ते गुंडाळले. माझ्या गावाला झाडांचं नाही, झाडांसोबतच्या फोटोचं प्रेम आहे, आणि ते तुम्हीच शिकवलंत, असं मनात म्हणत बाहेर पडले.

घरी येताना आई बरोबर होती. ती तेव्हा शाळेत खिचडी शिजवायची, आठवतं ना? मला तर ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर दिसतं. पत्र्याचं छप्पर, धुरानं काळी पडलेली भिंत. मी पाचवीत आहे. मुलांची खिचडी वाढून झालीय, आणि तुम्ही धोतराचा सोगा खोचून, सुबाभळीचं बी मोठ्या पातेल्यात टाकून, वरून उकळतं पाणी ओतताय. साल कठीण असते, ती अशी मऊ पडते, असं आम्हाला समजावताय. आई कमरेवर हात ठेवून उभी आहे. "गुरुजी, लेकरांचं पातेलं हाय ते. झाडाचं बी कशाला शिजवायलाव त्यात?" तुम्ही म्हणता, "बाई, हीसुद्धा लेकरंच." आई म्हणते, "मग ह्यांचं ताट बी तुमीच धुवा." आणि तुम्ही खरोखर राखेनं पातेलं घासता. तेव्हा मला तुमच्याएवढा मोठा माणूस जगात दिसत नव्हता.

पुढच्याच महिन्यात आमची कालवड शाळेच्या कुंपणात शिरली आणि रोपं खाऊन गेली. तुम्ही मला वर्गासमोर उभं केलंत. "ह्यांच्या घरात कुणी शाळेचं तोंड बघितलं नाही, हिला झाडाची किंमत काय कळणार?" हे वाक्य मी नांदेडच्या वसतिगृहापर्यंत वाहून नेलं. माझ्या पदवीतला निम्मा अभ्यास त्या एका वाक्यावर थुंकण्यासाठी केलेला आहे.

परवा वाटेत आई सहज म्हणाली, "गुरुजी चांगले हुते. खुळे हुते, पर चांगले. एकदा दोन दिवस सकाळी माळावर वाकून काय तरी उपटायलते बघ. दम लागायचा त्यास्नी. काय उपटायलते, कुनास ठाऊक."

मला ठाऊक आहे.

पातेल्यातलं बी वाटताना तुम्ही सांगितलं होतं की बी कुंपणाच्या आतच लावायचं. माळ जनावरांचा आहे, तिथं एक बी जाता कामा नये. कालवडीच्या प्रसंगानंतर, त्या पातेल्यातलं उरलेलं, वाळवून ठेवलेलं बी मी फ्रॉकच्या ओच्यात भरलं आणि माळावर नेऊन काठीनं भोकं पाडून पेरलं. सगळ्यांपेक्षा जास्त झाडं माझी झाली की तुम्हाला कळेल, झाडाची किंमत कुणाला आहे ती. रोपं वर आली तेव्हा तुम्ही वर्गात विचारलंत, "हे कुणी केलं?" मी पाटीकडं बघत राहिले. दोन दिवस तुम्ही उपटलंत, मग थकलात. राहिलेली वाढली आणि त्यांच्या शेंगांच्या बियांनी माळ भरत गेला. दोन-तीन वर्षांनी हिरव्या माळाबद्दल अहमदपूरला तुम्हाला शाल आणि नारळ मिळाला. तो तुम्ही घेतलात. 'हे माझं नाही' म्हणाला नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. पण माझ्याकडं बोट दाखवून शाल नाकारणं तुम्हाला जमलं असतं का, हेही मला कळत नाही. मी केलं हे तुम्हाला कधी कळलं होतं का, तेही नाही.

गाव माळावरची सुबाभूळ उपटू देत नाही, कारण माळ तुमचा आहे. तो तुमचा नाही, एवढं कुणी उभं राहून सांगितलं तर माजी सरपंचांकडं बोलायला काही उरत नाही, आणि व्यवस्थापकाला हात जोडायला फोटो. परवा मी दीड तास बोलले. तक्ते, गवताच्या जाती, शेपटीचा गोंडा, सगळं. तेवढं एक वाक्य सोडून. गावच्या पहिल्या शिकलेल्या पोरीनं माळ नासवला, हे ऐकून लोक कसे हसतील, ते मला तिथं बसूनच ऐकू येत होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. नोंदवहीत, पूर्वेच्या पट्ट्याच्या पानाशी ठेवते आहे. सोमवारी नोंदवही घेऊन सभेला जाणार आहे. त्या वाक्याची सुरुवात अजून मला जमत नाही, गुरुजी. शेवट तेवढा पाठ आहे: ते नको म्हणाले होते.